शिट्टीविना मैदान

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल नावाचं लहानसं ठिकाण आहे. बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा जुना मठ, भोवती पाइनचं रान, तळी, आणि मठानेच 1857 साली सुरू केलेलं सेंट जॉन्स विद्यापीठ. तिथल्या फुटबॉल संघाच्या सरावात एक व्यायामप्रकार होता. सगळी मुलं गवतावर पाठ टेकून आडवी व्हायची, वर आभाळाकडे बघायची आणि शेजारच्याला सांगायची, आजचा दिवस किती सुंदर आहे! एवढंच. मग मुलं उठायची आणि कामाला लागायची.

हा व्यायाम लावून देणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव जॉन गलार्डी. त्यांनी 1949 ते 2012 असे सलग 64 हंगाम महाविद्यालयीन संघ घडवले. 489 सामने जिंकले, 138 हरले, 11 बरोबरीत सुटले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात एवढे विजय दुसऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत.

हा आकडा मोठा आहेच. पण त्याच्यामागे जी शिकवण्याची रीत होती, ती मला आकड्याहून मोलाची वाटते. ज्याच्या हाताखाली कुणी ना कुणी शिकत असतं, अशा प्रत्येकाने, म्हणजे शिक्षकाने, आईवडिलांनी, कारखान्यातल्या मुकादमाने, रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टराने, एकदा तरी तिच्याकडे नीट पाहावं.

आधी खेळाविषयी थोडं. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं किंवा साथीदाराकडे फेकायचा; समोरच्या संघाने धावणाऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला जमिनीवर लोळवायचं. या लोळवण्याला टॅकल म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही, तर चेंडू समोरच्यांकडे जातो. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि शंभर-सव्वाशे किलोंची शरीरं एकमेकांवर आदळत असतात. अशा खेळाची तयारीही तशीच आडदांड असायला हवी, असा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा समज. उन्हात मैदानाला फेऱ्या, बदकचाल, पुन्हा पुन्हा टकरा, कर्कश शिट्ट्या, आईबहिणीवरून शिव्या. आणि सरावाच्या वेळी पाणी नाही, कारण पाणी पिणारा मुलगा मऊ पडतो!

जॉन यांच्या मैदानावर यातलं काहीच नव्हतं. सरावात टॅकल करायचं नाही. कुणाच्या गळ्यात शिट्टी नाही. मैदानाला फेऱ्या नाहीत, ढकलत न्यायच्या लोखंडी गाड्या नाहीत. सराव दीड तासाच्या वर नाही. पाणी हवं त्याला हवं तेव्हा. पाऊस लागला किंवा चिलटांनी हैराण केलं तर सराव आत हलवायचा. नव्या मुलांची रॅगिंग नाही. आरडाओरडा नाही. खेळायला आलेल्या कुणालाही काढून टाकायचं नाही. आणि प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणायचं नाही, सरळ जॉन म्हणायचं. ही नकारांची यादी वर्षागणिक लांबत गेली. होकाराचा नियम मात्र एकच होता. दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्याच्याशी वागायचं.

ही रीत आली कुठून? एखाद्या ग्रंथातून नाही, मानसशास्त्राच्या वर्गातून तर नाहीच. ती आली एका सोळा वर्षांच्या मुलाच्या अडचणीतून.

कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड हे कोळशाच्या खाणींचं गाव. इटलीहून आलेल्या एका स्थलांतरिताच्या घरी 1926 साली जॉनचा जन्म झाला. वडिलांचं गाड्यांच्या बॉडीदुरुस्तीचं दुकान होतं. गावातल्या कॅथलिक शाळेच्या संघात तो खेळायचा. 1943 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणं आलं. नवा प्रशिक्षक मिळेना, संघ बंद करायचं घाटू लागलं. तेव्हा हा मुलगा शाळा चालवणाऱ्या धर्मगुरूंकडे गेला आणि म्हणाला, संघ मी सांभाळतो.

त्या मुलाची अवस्था नीट डोळ्यांसमोर आणून पाहा. समोर उभे आहेत ते त्याचेच वर्गमित्र. कालपर्यंत एका बाकावर बसणारे. त्यांना तो दरडावणार कसा? शिक्षा कशाच्या जोरावर करणार? हाती पद नाही, पगार नाही, वयाचा मान नाही. मुलांनी मैदानावर यावं आणि येत राहावं, एवढंच त्याला हवं होतं. कारण मुलं आली नाहीत तर संघच उरणार नव्हता. मग त्याने स्वतःला साधा प्रश्न विचारला. जुन्या प्रशिक्षकाच्या वेळी आपल्याला काय नकोसं वाटायचं? तहान लागली असताना पाणी नाकारणं. बदकचालीत पायांचे तुकडे पडणं. ज्याचा सामन्याशी काही संबंध नाही, असे घाम काढणारे व्यायाम. त्याने ते सगळं बंद केलं. उरला तो खेळ. मुलं खेळली, आणि जिंकू लागली.

जॉन यांच्या सगळ्या कारकिर्दीचं बीज मला या एका गोष्टीत दिसतं. त्यांना अधिकाराविना शिकवावं लागलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती अधिकार आधी येतो आणि शिकवण्याची कला मागून येते, कधीकधी येतच नाही. कारण अधिकाराने काम भागत असतं. आवाज चढवला की वर्ग गप्प होतो. डोळे वटारले की मूल पुस्तक उघडतं. पण गप्प झालेला वर्ग शिकतोच असं नाही, आणि उघडलेलं पुस्तक वाचलं जातंच असं नाही. सोळा वर्षांच्या जॉनला ही पळवाटच नव्हती. समोरच्याला पटेल, आवडेल आणि उपयोगी पडेल असंच त्याला सांगावं लागलं. पुढे अधिकार भरपूर आला, वय आलं, कीर्ती आली. तरीही ते त्या सोळाव्या वर्षीच्या रीतीनेच शिकवत राहिले. हे सोपं नाही. नाइलाजाने पाळलेला चांगुलपणा हाती सत्ता आल्यावरही टिकवणारी माणसं थोडी असतात.

वयाच्या बाविसाव्या वर्षी मोंटाना राज्यातल्या हेलेना इथल्या कॅरल कॉलेजने त्यांना बोलावलं. चार हंगामांत 24 विजय, 6 पराभव, एक बरोबरी. 1953 मध्ये ते सेंट जॉन्सला आले. त्यांच्या आधी तिथे जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली हे व्यावसायिक फुटबॉलमधलं गाजलेलं नाव प्रशिक्षक होतं. या नव्या तरुणाला कुणी ओळखत नव्हतं. मठाच्या आश्रयाने चालणारं लहान विद्यापीठ, रानातलं ठिकाण, कडाक्याची थंडी. ते आले आणि 60 वर्षं तिथेच राहिले.

याच काळात, 1954 च्या सप्टेंबरात, टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या गावी एक शिबिर भरलं होतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे नवे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी आपल्या मुलांना बसमध्ये घालून तिथे नेलं. राज्यात भयानक दुष्काळ, जमीन भेगाळलेली, ऊन जाळणारं. दहा दिवस पहाटेपासून सराव, आणि सरावात पाण्याचा थेंब नाही. मुलं कोसळू लागली. रात्री सामान गुंडाळून पळून जाऊ लागली. एक खेळाडू उष्माघाताने मरणाच्या दारापर्यंत गेला. गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलं शेवटपर्यंत टिकली. त्या हंगामात संघाने दहापैकी एकच सामना जिंकला. पण दोनच वर्षांनी तोच संघ एकही सामना न हरता आपल्या गटाचा विजेता ठरला, आणि जंक्शनच्या दहा दिवसांची दंतकथा झाली. त्यावर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला. मुलं तिथे पोलादासारखी घडली, असं अभिमानाने सांगितलं जाऊ लागलं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ब्रायंट अपयशी प्रशिक्षक नव्हते. पुढे अलाबामा विद्यापीठात त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि 323 विजयांसह ते निवृत्त झाले. म्हणजे छळाच्या मार्गाने गेलेला माणूस जिंकतच नाही, असं म्हणता येणार नाही. जग तसं सरळ नाही. कठोर माणसंही जिंकतात, कधीकधी खूप जिंकतात, आणि त्यांचा विजय बघून सगळ्यांना वाटतं की तो कठोरपणामुळेच मिळाला.

जॉन यांच्या 489 विजयांचं महत्त्व मला नेमकं इथे दिसतं. छळ करणारे हरतात, असं हे विजय सांगत नाहीत. छळ न करताही जिंकता येतं, हे ते दाखवतात. आणि हे एकदा दिसलं की छळाचं कारणच संपतं. जोवर दुसरी वाट दिसत नाही, तोवर माणूस म्हणू शकतो की मुलांच्या भल्यासाठी हे करावं लागतं. तेच फळ हातात पडणारी दुसरी वाट समोर असताना जुन्या वाटेनेच जायचं, तर ती निवड आपली असते. तिचा भार मुलांच्या भल्यावर टाकता येत नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लहानपणापासून ती आपण ऐकतो. मार खाल्लेली मुलं मोठी झाल्यावर ती आपल्या मुलांना ऐकवतात. म्हण खोटी नाही. पण आपण तिच्यातले घाव तेवढे लक्षात ठेवले आणि टाकी धरणारा हात विसरलो. मूर्तिकाराला काम करताना पाहिलं असेल, तर तो हात आठवा. तो दगडावर राग काढत नाही. पहिल्याच दिवशी दगडाचा ताठा मोडू म्हणून हातोडा घालत नाही. टाकी कुठे टेकवायची, किती तिरपी धरायची, किती जोर लावायचा, हे प्रत्येक घावाआधी त्याच्या मनात पक्कं असतं. नको असलेला कपचा निघेल एवढाच घाव. एक घाव चुकला तर नाक उडतं, आणि दोष दगडाचा नसतो. घाव मोजका आणि नेमका असेल तरच देवपण येतं. नुसते घाव घातले तर खडी पडते.

जॉन यांची टाकी अशी नेमकी होती. त्यांच्या सरावात टकरा नव्हत्या, म्हणून तो सैल होता असं कुणी समजू नये. खेळात सगळ्यांत अवघड असतं ते योग्य क्षणी योग्य जागी असणं. समोरचा संघ कसा उभा आहे ते ओळखायचं, त्यावरून पुढचा डाव ताडायचा, आपलं पाऊल कुठल्या बाजूला पडायला हवं ते ठरवायचं, आणि हे सारं डोळ्यांचं पातं लवायच्या आत करायचं. जॉन सरावाची सगळी वेळ यावर घालायचे. तोच डाव पुन्हा. पाऊल अर्धा फूट चुकलं तर पुन्हा. बरोबर आला तरी पुन्हा, म्हणजे शंका राहायला नको. ज्या बाजूला चेंडू जाणारच नाही, त्या बाजूच्या खेळाडूचं पाऊलही तितकंच बरोबर पडायला हवं. चुकीला माफी नव्हती. चुकणाऱ्याला मात्र होती. अपमान न करता चूक दाखवायची, तितक्याच शांतपणे पुन्हा करून घ्यायचं, आणि बरोबर होईपर्यंत सोडायचं नाही. ज्याने कधी कुणाला मनापासून काही शिकवलं आहे, त्याला ठाऊक आहे की हे ओरडण्यापेक्षा किती अवघड असतं. ओरडायला क्षण पुरतो. शांतपणे विसाव्यांदा समजावून सांगायला आधी आपल्याला विषय पूर्ण कळलेला असावा लागतो, आणि समोरच्यावर विश्वास असावा लागतो.

माझ्या मते त्यांच्या रीतीचं सार एवढंच. कठोर व्हायचं ते कामाशी; माणसाशी नाही. आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो. काम कसं झालं आहे हे बारकाईने बघायला वेळ नसतो, म्हणून माणसावर डाफरतो. निबंधातली वाक्यं एकेक करून सुधारून देणं कष्टाचं असतं. “तुझं अक्षर बघ, तुझं लक्ष बघ,” असं म्हणणं सोपं असतं. आपल्या रागाला आपण शिस्त हे नाव देतो, आणि खरी शिस्त, म्हणजे एकच गोष्ट बरोबर होईपर्यंत न कंटाळता तिच्यापाशी थांबणं, बाजूलाच राहते.

सेंट जॉन्सच्या संघातून कुणालाही काढून टाकलं जात नसे. त्यामुळे एका हंगामात दीडशेहून जास्त मुलं संघात असत. मैदानावर एका वेळी खेळणार अकरा. म्हणजे शंभरावर मुलांना ठाऊक होतं की मोठ्या सामन्यात आपली पाळी बहुधा येणार नाही. तरी ती रोज येत होती. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांकडे कर्णधारपद फिरायचं. यातल्या कुणालाही खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नव्हती. त्या विद्यापीठाचा संघ महाविद्यालयीन खेळाच्या ज्या तिसऱ्या विभागात खेळतो, तिथे तशी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पैसा नाही, टीव्हीवर झळकण्याची संधी फारशी नाही, पुढे व्यावसायिक खेळाडू होण्याची आशाही फार थोड्यांना. तरी दीडशे मुलं का येत होती? कारण तिथे त्यांना किंमत होती. संघात सगळ्यांत शेवटी उभा असलेला मुलगाही तिथे कुणीतरी होता. जॉन त्याचं नाव घेऊन बोलायचे, आणि तोही त्यांना नावानेच हाक मारायचा.

अशा मुलांनी मिळवलेले विजय लहान नव्हते. 1963 साली लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये, त्यांची गाठ टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू संघाशी पडली. तो संघ बलाढ्य होता. त्यातले काही खेळाडू पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजले. सामना 33-27 असा सेंट जॉन्सने जिंकला. पुढे 1965 आणि 1976 मध्येही राष्ट्रीय विजेतेपद आलं. 1993 च्या हंगामात तर त्यांच्या संघाने सामन्याला सरासरी 61 हून अधिक गुण केले. टकरांविना सराव करणारी मुलं सामन्यात टकरा देताना कमी पडतील, ही शंका मैदानावरच मिटली. ती ताजीतवानी असायची. आठवडाभर अंग ठेचून न घेता शनिवारी मैदानात उतरायची आणि दिसेल त्याला लोळवायची.

8 नोव्हेंबर 2003 रोजी जॉन यांनी 409 वा विजय मिळवला आणि एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मागे पडला. रॉबिन्सन यांचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात त्यांनी 1941 पासून 1997 पर्यंत मुलं घडवली. त्यातला किती तरी काळ असा होता, की त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती. तरीही त्यांच्या हाताखालचे दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक संघांत पोहोचले. त्या माणसाचा विक्रम मोडणं ही मोठी गोष्ट होती. त्याच वर्षी 20 डिसेंबरला व्हर्जिनियातल्या सेलम इथे अंतिम सामना झाला. समोर माउंट युनियन, ओळीने 55 सामने न हरलेला संघ. सेंट जॉन्सने 24-6 अशी बाजी मारली. प्रशिक्षकाचं वय तेव्हा 77 होतं. तिसऱ्या विभागातल्या सर्वोत्तम खेळाडूला 1993 पासून जॉन यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. नुसता खेळ नव्हे, अभ्यास आणि समाजसेवाही बघून. 2003 साली तो त्यांच्याच संघातल्या ब्लेक एलियटला मिळाला.

त्यांची रीत इतरांना कळायला मात्र फार उशीर लागला. मेंदूवरच्या आघातांचे परिणाम डॉक्टरांनी पुढे आणले, तेव्हा कुठे लोक जागे झाले. 2010 मध्ये डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी सरावातलं टॅकल बंद केलं. 2011 च्या करारानंतर व्यावसायिक लीगने हंगामातल्या पूर्ण टकरींच्या सरावांवर मर्यादा घातली. 2016 मध्ये आयव्ही लीग या गटातल्या आठही विद्यापीठांनी हंगामातल्या सरावांतून टॅकल काढून टाकलं. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी, व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूंच्या, मृत्यूनंतर संशोधनासाठी दान केलेल्या 111 मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 110 मेंदूंत आघातांमुळे होणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा होत्या. दान आलेले मेंदू हे सगळ्या खेळाडूंचं प्रतिनिधित्व करत नाहीत, हे खरं. ज्यांना त्रास होत होता त्यांच्याच घरच्यांनी ते बहुधा दिले असणार. तरीही तो आकडा वाचून थरकाप होतो. मिनेसोटाच्या रानात एक माणूस हे आघात दशकानुदशकं टाळत होता, तेही कुठल्याही संशोधनाची वाट न बघता. मुलांना विनाकारण दुखवायचं नाही, एवढं त्याला पुरेसं होतं.

तरी जुनी समजूत मेली नव्हती. मे 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संघातला 19 वर्षांचा मुलगा 110 यार्डांच्या धावा काढता काढता कोसळला. उष्माघातात शरीर तातडीने थंड पाण्यात बुडवून गार करायचं असतं; ते केलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाने आपली कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला जॉन गलार्डी वारले, वयाच्या 91 व्या वर्षी. या दोन बातम्या एका वर्षातल्या आहेत, ही गोष्ट मला फार लागते. ज्याने 1943 साली मुलांना पाणी प्यायला दिलं तो म्हातारपणाने गेला, आणि त्याचा धडा न शिकलेल्या मैदानावर एक मूल ऐन तारुण्यात गेलं.

जॉन यांच्या रीतीने सगळंच साधतं, असा दावा मी करणार नाही. त्यांचे शेवटचे हंगाम साधारण गेले; 2012 च्या अखेरच्या हंगामात जेवढे सामने जिंकले तेवढेच हरले. आसपासचे संघ मोठे झाले होते, काळ बदलला होता. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या पहिल्या विभागात ही रीत इतकी चालली असती का, याचं उत्तर मैदानावर कधी तपासलं गेलं नाही. पण हरत असतानाही त्यांनी शिट्टी हातात घेतली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. विजय मिळतो तोवर सौम्य राहणं फारसं कठीण नसतं. पराभव सुरू झाला की माणूस जुन्या हत्यारांकडे वळतो. निकाल खाली आला की शाळा गृहपाठ वाढवते, धंदा बसला की मालक कामगारांवर चिडतो, मुलाला गुण कमी पडले की घरातलं बोलणं बदलतं. ज्याची रीत निकालावर अवलंबून नाही, त्याचीच ती खरी रीत.

आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाताखाली कुणीतरी आहे. घरी मूल आहे, दुकानात नवा पोऱ्या आहे, वॉर्डात रात्रपाळी करणारी शिकाऊ नर्स आहे, कचेरीत कालच रुजू झालेली मुलगी आहे. त्यांना आपण जे जे सोसायला लावतो, त्यातलं बरंचसं आपण ठरवलेलं नसतं. आपल्याला कुणीतरी सोसायला लावलं होतं, म्हणून ते पुढे चालत आलं. “आम्ही नाही का केलं?” हे वाक्य आपल्या तोंडात तयार असतं. ते वाक्य हा पुरावा नव्हे. आपण सोसूनही शिकलो असू. सोसल्यामुळेच शिकलो, हे सिद्ध व्हायचं बाकी आहे.

म्हणून आज एवढंच करू या. आपल्या घरातला, वर्गातला किंवा कामाच्या ठिकाणचा एक जाच निवडू. फक्त एक. त्याच्यासमोर सोळा वर्षांच्या जॉनसारखाच एक साधा प्रश्न ठेवू, याने काम चांगलं होतं का? होत असेल तर राहू द्या. होत नसेल तर आजच्या आज बंद करा, कुणाची परवानगी न मागता, कुठल्या संशोधनाची वाट न बघता. आणि त्यातून वाचलेली सगळी ताकद कामाच्या बारकाव्यात घाला. समोरचा चुकला तर पुन्हा दाखवा, आणि बरोबर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. कठोर व्हायची खरी जागा तीच आहे.